टोपीची झालर

चार मित्र हसले, म्हणून माझ्या नवऱ्याने टोपीची झालर काढून खिशात कोंबली. आठवलं तरी अजून माझं डोकं तापतं.

झालर कशासाठी, ते आधी सांगते. गेल्या हिवाळ्यात त्याच्या मानेवरचा एक काळा डाग डॉक्टरीणबाईंनी कापून काढला. तपासणीत तो कॅन्सरचा निघाला. वेळेत सापडला, सगळा निघाला, पण यापुढे मानेला ऊन लागू द्यायचं नाही, असं त्यांनी बजावलं. त्यावर हा शहाणा त्यांनाच विचारतो, हा तर गोऱ्यांचा आजार ना? असं समजूनच तुमच्यासारखे लोक उशिरा येतात, असं त्या म्हणाल्या. तरी गाडीत बसल्यावर याचं पहिलं वाक्य काय, तर "ग्रुपमध्ये कुणाला सांगू नकोस हं. साधी गाठ होती म्हणू."

ग्रुप म्हणजे याच्या ऑफिसातली मराठी मंडळी. दर शनिवारी पहाटे, इथे परदेशात आम्ही राहतो त्या वाळवंटी चँडलरहून निघून कुठला तरी डोंगर चढतात. ते बंद कर, असं मी म्हटलं नाही. डोंगरावर तो खूश असतो. मान झाकणाऱ्या विकतच्या टोप्यांत याला उकडतं, म्हणून मी माझी जुनी मलमलची ओढणी कापली. बहिणीच्या मुलीला कुंची शिवली होती, तोच बेत इथे चालला: डोक्याला टोपी, मागे खांद्यापर्यंत कापड. या कानापासून त्या कानापर्यंत माप घेतलं, वाऱ्याने उडू नये म्हणून खाली रुंद दुमड घातली आणि धुवायला निघावी म्हणून टिचबटणं लावली. टोपीचं कापड जाड. एक सुई मोडली, दुसरी बोटात गेली.

शनिवारी दुपारी तो परत आला आणि बूट काढायला वाकला. मान लालबुंद. व्रणाभोवतीची कातडी तर नुसती चकाकत होती.

"झालर कुठंय?"

"खिशात. अगं, पार्किंगमध्येच सुरू झाले यार. बारसं कुणाचं आहे, बाळाला कुंची कोणी घातली... फोटो काढून ग्रुपवर टाकले. मग काढली."

"आणि अख्खा हाइक तसाच केलास?"

"सनस्क्रीन लावलं होतं ना. जाऊ दे ना आता."

जाऊ दे म्हणे! हा नागपूरचा माणूस. मे महिन्यात डोक्याला, कानांना, तोंडाला दुपट्टा गुंडाळून स्कूटरवर कॉलेजला जायचा, नुसते डोळे दिसायचे. तेव्हा लाज नाही वाटली. ऊन म्हणजे काय, हे त्याला मी पुण्याची बाई शिकवणार? आणि हसणारे तरी कोण? पाठीवर नळीची पाण्याची पिशवी, दोन्ही हातांत काठ्या, गुडघ्यांना पट्टे, असे नटून येणारे. ते सगळं दुकानातून आलेलं, म्हणून त्याला गिअर म्हणायचं. घरी शिवलेलं तेवढं हसण्यासारखं. पण त्यांना तरी किती बोलू? त्यांना माहीतच नव्हतं.

त्याला खुर्चीत बसवलं आणि गार पाण्यात भिजवलेली फडक्याची घडी मानेवर ठेवली.

"खरं सांगून टाकायचंस. एकही जण हसला नसता."

"मग बिचारा, बिचारा करत बसले असते. ते नकोय मला."

तेव्हा मात्र मला राहवलं नाही. "म्हणजे ते हसतील याची तुला भीती. कीव करतील याचीही भीती. मानेत जे निघालं त्याची भीती तेवढी माझ्या गळ्यात घातलीस आणि स्वतः मोकळा होऊन डोंगर चढतोयस."

मी घडी उलटायला हात लावला. ती एवढ्यातच गरम झाली होती.