पाइपाचं पोट बांधलं तेव्हा

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता आणि वडील खामगावला कापूस वटायच्या एका जिनात कारकून होते. थोरली बहीण बाळंतपणाला आली ती ऐन थंडीत. बाळंतिणीची न्हाणी खोलीतच, कोपऱ्यात होती. तिथे बंब पेटवला की धुराने बाळ खोकून बेजार होई. म्हणून वडिलांनी बंब अंगणातल्या ओट्यावर मांडला आणि जिनात टाकून दिलेला एक लोखंडी पाइप त्याच्या तोटीला जोडून, भिंतीतून न्हाणीपर्यंत आणला. बंबात पाणी उकळत असे. न्हाणीत पोचे तेव्हा ते कोमट असे.

बहिणीला न्हाऊ घालायला वडिलांची मोठी बहीण, म्हणजे आत्या, आली होती. तिने बजावलं, "पाणी असंच येत राह्यलं तर बंब आत घेईन. बाळंतिणीले गारठा झाला तर तू निस्तरशीन का?"

वडिलांनी जिनातून सरकी काढलेली रुई आणली. पाइपाला गुंडाळून पाहू म्हणाले.

"काऊन, पाइपाले थंडी वाजून राह्यली?"

तरी गुंडाळायला आत्याच बसली. बाळंतिणीचं पोट बांधतात तशी तिने रुईवर जुन्या लुगड्याची पट्टी ओढून ओढून आवळली. दुसऱ्या दिवशी पाणी जेमतेम ऊन आलं.

वडील पाइपाला हात लावून पाहत राहिले. पट्टी बाहेरून चांगली गरम लागत होती, म्हणजे ऊब तिच्यातून निघून जात होती. गादीतल्या रुईतून ती जात नाही, मग इथेच का?

बहीण आतून म्हणाली, "बाबा, गादी दबली का मले खालून गारवा लागते. पिंजून आणली का नाही लागत. आत्याबाईनं त्याचंही पोट बांधलं."

"त्याले काय लेकरू झालं?" आत्या म्हणाली.

"मंग सोडा ना त्याले."

रुई पिंजून आणली. या वेळी वडिलांनी ती जाड, सैल थरात बसवली आणि गळून पडणार नाही इतपतच पट्टी फिरवली. सकाळी वडिलांनी तोटी सोडली आणि आत्याने पट्टीवरून पाइप चाचपला.

"गार हाय. सारी ऊब रुईनं खाल्ली. घ्या बंब आत."

वडील न्हाणीत गेले. तिथे घंगाळातून वाफ वर येत होती. बहिणीने पाय घातला आणि लगेच मागे घेतला. आत्याने बोट बुडवून पाहिलं.

"इसन कुठं हाय?"

कढत पाण्यात घालायचं गार पाणी त्या न्हाणीत आजवर लागलंच नव्हतं. वडील कळशी घेऊन आडाकडे निघाले.