सासूबाई कशानं गेल्या?

"काका, तुमच्या आईकडे कोणाला लिव्हरचा त्रास होता?" डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला विचारलं. ठाण्यात माजिवड्याच्या हॉस्पिटलातली ती दुपार. निदान सांगून झालं होतं. हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमा, म्हणजे लिव्हरच्याच पेशींतून सुरू झालेला कॅन्सर. त्याच्याआधी सिरॉसिस, म्हणजे वर्षानुवर्षांच्या इजेनं लिव्हर आक्रसून कडक होणं.

सुरुवात साधीच होती. ह्यांचे हातपाय वाळत चालले होते, पोट मात्र घट्ट. दोन घासांत जेवण पुरे. मी म्हटलं, "चला, या वयात तरी खाणं आवरलंत." अशी मी हुशार! डोंबिवलीच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली आणि लगेच ठाण्याला पाठवलं.

आमच्या घरात दारूचा विषय निघाला की दाखला एकच, माझे सासरे. मिठागरावर राबले, रोज संध्याकाळी प्याले, ऐंशी ओलांडून गेले. "पचवायची ताकद आमच्या रक्तातच आहे," असं हे म्हणायचे. आणि मी? नवी नवरी असताना हळदीच्या मांडवात नणंदांना ऐकवायचे, "आमचे कितीही घेऊ देत, पाय डगमगत नाही." वर गरमगरम बोंबील तळून पुरवायचे. जणू ह्यांना मेडल मिळालंय! त्या पोरीचे आज कान उपटावेसे वाटतात, पण एवढे मोठे झुमके घालायची की कान सापडायचे नाहीत.

तर, डॉक्टरांच्या प्रश्नावर हे म्हणाले, "मी सात वर्षांचा असताना आई गेली. पोट फुगलेलं, डोळे पिवळे. ती कधी प्यायली नाही हो."

"त्यांना नेमकं काय होतं ते आता सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "पण अर्धे जीन्स आईकडून येतात. काहींच्या जीन्समुळे लिव्हरमध्ये चरबी लवकर साठते. त्यावर रोजची दारू, तुमची शुगर, सुटलेलं पोट, तंबाखू. सगळं मिळून धोका वाढतो. वडिलांना काही झालं नाही म्हणून तुम्हाला होणार नाही, असं नसतं."

मी ते माझ्या परीनं समजून घेतलं. एकाच भरतीचं पाणी मिठागराच्या दोन वाफ्यांत सोडलं, तरी मीठ सारखं पिकत नाही. सासरे दिवसभर उन्हात मीठ ओढायचे. त्याच जमिनीवर इमारती आल्यावर हे मागच्या गल्लीतही गाडीनं जायचे.

गाठ मोठी, ऑपरेशन होण्यासारखं नव्हतं. दोनदा टेस केलं, म्हणजे रक्तवाहिनीतून थेट गाठीत औषध सोडून तिचा रक्तपुरवठा बंद करायचा. नंबर येईपर्यंत बाकावर बसून हे आईबद्दल बोलायचे. ती बांधावरून कडेवर घेऊन न्यायची, कैरीला मीठ लावून द्यायची. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच मला सासूबाईंचं नाव कळलं. हिरूबाई. नऊ महिन्यांनी हे गेले.

मग मी मुलाच्या मागे लागले. नीलेश चव्वेचाळीसचा, दोन मुलींचा बाप, रोजचा घेणारा. "टेन्शन नको घेऊ गं आई, आजोबांचं रक्त आहे माझ्यात."

"आणि आजीचं कुठं गेलं? खाडीत सोडलं?"

हसला, पण हलला नाही. शेवटी एकदा मी रडत म्हणाले, "तुझ्या बापाचं कौतुक करत बसले रे मी. तुझं तसं करायला जमणार नाही मला." त्यानं तिथंच फोन काढून डॉक्टरांकडे नंबर लावला.

फायब्रोस्कॅन झालं. उजव्या बरगड्यांवर हलके ठोके देऊन लिव्हर किती कडक झालंय ते मोजतात. सोनोग्राफीत गाठ नव्हती. चरबी भरपूर, कडकपणाची सुरुवात. "अजून सुधारेल," डॉक्टर म्हणाले. "दारू सोडायची, पण आमच्या देखरेखीखाली. रोज घेणाऱ्यानं अचानक बंद केली तर जिवावर बेतू शकतं."

तुमच्या घरी असं कोणी असेल तर दोन्हीकडच्या माणसांची चौकशी करा. बायकांची तर नक्कीच. त्यांची आजारपणं कोणी लक्षात ठेवत नाही.

दारू सोडलेला नीलेश मागच्या महिन्यात एका हळदीत घसरला. सकाळी आपणहून माझ्यापाशी येऊन बसला. "आई, काल घेतली गं."

मी ओरडले नाही. चहा ठेवला, डॉक्टरांना फोन लाव म्हटलं. त्याचा आवाज अगदी बापाचा. वाटलं, ह्यांनी एकदा तरी असं जवळ बसून काही सांगायला हवं होतं. सांगितलंही असतं कदाचित. मी कधी विचारलंच नाही.