पांढऱ्या झाकणाच्या पुंगळ्या

मुलगी रांगायला लागली तशी मी पुन्हा रायफल हातात घेतली. खालापूरच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी आमच्या क्लबची रेंज आहे. पळसदरीहून आम्ही दोघं स्कूटरवर जायचो, मी आणि माझे सासरे. ते भिवपुरीच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले, नेमबाजीचं वेड तरुणपणापासूनचं. लग्न होऊन आले तेव्हा रायफल धरायला मला त्यांनीच शिकवलं. सून बंदूक चालवते म्हणून गावात कुजबुज झाली, ती त्यांनी कानावरही घेतली नाही.

माझी काडतुसं तेच भरायचे, क्लबच्या परवान्यावर, क्लबच्याच खोलीत. गोळी सुटून गेली की मागे पितळी पुंगळी उरते. ती साफ करून, मापात आणून पुन्हा वापरता येते. पण दर वेळी डागल्यावर पितळ थोडं कडक होतं, थोडं लांबतं. कमी वापरलेल्या आणि जास्त वापरलेल्या पुंगळ्या एकत्र झाल्या की एक गोळी वर जाते, एक खाली. म्हणून सासऱ्यांनी बरण्या वेगळ्या केल्या होत्या. एकदाच डागलेल्या पुंगळ्या पांढऱ्या झाकणाच्या बरणीत, बऱ्याचदा डागलेल्या पिवळ्या झाकणाच्या.

त्या पावसाळ्यानंतर माझ्या गोळ्या कागदावर कुठेही लागू लागल्या. आधी मुठीएवढ्या जागेत बसायच्या, आता ताटाएवढ्या पसरायच्या. प्रशिक्षक म्हणाले, "बाळंतपणानंतर होतं असं. लक्ष घराकडे असणार." मलाही ते पटलं. मुलगी रात्री झोपू देत नव्हती, मांडी घालून बसलं तरी कंबर दुखायची. सासरे तेवढे म्हणायचे, "सोडू नको गं. तुझा हात तोच हाय." मला वाटायचं, बरं वाटावं म्हणून म्हणतात.

एका रविवारी मी ठरवलं, आता पुरे. त्यांना सांगायला खोलीत गेले तर ते टेबलाशी बसलेले. मान वर न करता म्हणाले, "ती पांडरी बरणी दे."

मी दिली.

"पांडरी दे म्हटलं, पिवळी कशाला देतेस?"

"बाबा, ही पांढरीच आहे."

त्यांनी झाकण काढलं, खिडकीपाशी नेलं, उलटसुलट करून पाहिलं. मग दुसरी बरणी मागून घेतली आणि दोन्ही झाकणं शेजारी धरली.

"दोन्ही पिवळीच दिसतायत? कधीपासून?" मी विचारलं.

"मला काय ठावं? मला वाटलं, झाकणंच जुनी झाली."

डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. दोन्ही बरण्यांतल्या पुंगळ्या केव्हाच्या एकमेकींत मिसळल्या होत्या. कोणती पुंगळी किती वेळा डागली, हे आता सांगता येणं शक्य नव्हतं. त्यांनी दोन्ही बरण्या स्वतःच्या हातांनी भंगाराच्या पेटीत रिकाम्या केल्या.

घरी जेवणाच्या ताटावर ते नुसते बसून राहिले. मी जवळ गेले तशी म्हणाले, "तू सवताला दोष देत रायलीस पोरी, नि बिघडवत मी व्हतो."

"तुम्ही सोडू नको म्हणालात म्हणून मी टिकले. नाहीतर कधीच रायफल ठेवून दिली असती."

त्यांनी भाकरी मोडली.

पनवेलला ऑपरेशन झालं. तोवर नव्या पुंगळ्या मी भरायला लागले. ते शेजारी बसून प्रत्येक गोष्ट विचारून घ्यायचे, लांबी मोजलीस का, बुडाशी चीर तर नाही ना. कधी वैतागायचे, कधी मी वैतागायचे. पट्टी निघाली त्या दिवशी नातीला उचलून म्हणाले, "हिच्या फ्रॉकवर फुलं हायत व्हय?"

जिल्ह्याच्या स्पर्धेत माझा नंबर आला नाही. पण गोळ्या पुन्हा एका जागी येऊ लागल्या होत्या. मधूनच एखादी बाहेर उडायची, तिचा मला राग येत नव्हता. ती माझी होती, श्वास चुकल्याची, आणि त्यावर काम करता येणार होतं. सासरे दुर्बिणीला डोळा लावून बसले होते. म्हणाले, "ह्या समद्या बरोबर हायत. ती कोपऱ्यातली तेवढी तुझी."

आम्ही दोघंही हसलो.