अपलोडला घातलेली मर्यादा

नागपूरच्या एका कार्यालयानं काढून टाकलेले आठ संगणक आमच्या विहाराच्या अभ्यासिकेला मिळाले, तेव्हा टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून ते देवळीला मीच घेऊन आलो. घरातला पहिला पदवीधर मी, आणि माझी पदवी याच अभ्यासिकेच्या सतरंजीवर बसून झालेली. त्यामुळे संगणक चालू करून द्यायचं काम कोणाचं, ही चर्चा झालीच नाही.

घाई होती ती एकीसाठी. आमच्या गल्लीतली एक ताई सकाळी सहाला अभ्यासाला बसायची आणि नऊला कापूस वेचायला जायची. सरकारी भरतीच्या परीक्षेला ती मागच्या वेळीही बसली होती. परीक्षा संगणकावर होती, आणि माऊस तिनं आयुष्यात पहिल्यांदा परीक्षा केंद्रावरच हातात धरला.

"उत्तर येत व्हतं दादा," ती मला म्हणाली होती, "पण तो बाण त्या गोलावर बसेच ना. अर्धा पेपर तसाच राह्यला."

वयाच्या अटीमुळे ही तिची शेवटची वेळ होती. परीक्षेच्या आधी महिनाभर तरी तिला सराव मिळायला हवा, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

संगणक जुने, त्यांना हलकी आणि फुकट मिळणारी प्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, हवी होती. फाईल मोठी, आणि आमच्याकडे दिवसातून दोन-तीनदा लाईट जाते. साध्या पद्धतीनं डाउनलोड लावलं की लाईट गेल्यावर पुन्हा पहिल्यापासून. म्हणून मी टॉरेंट लावलं. त्यात फाईल एका ठिकाणाहून येत नाही. ती ज्यांच्याकडे आहे असे जगभरचे लोक तिचे तुकडे देतात, आणि आपल्याकडे आलेले तुकडे आपणही पुढे देत राहतो. लाईट गेली तरी आलेला तुकडा वाया जात नाही. पहिल्याच दिवशी प्रणाली उतरली. मला इतका आनंद झाला की फाईल पूर्ण झाल्यावरही मी ते सॉफ्टवेअर बंद केलं नाही. लोकांनी आपल्याला दिलं, आता आपण द्यायचं. समाजाच्या जोरावर शिकलेल्या माणसानं परत दिलं पाहिजे, हे मी लहानपणापासून याच विहारात ऐकत आलो होतो. अपलोडला मर्यादा घालायचा रकाना मला दिसला होता. तो मी मुद्दाम रिकामा ठेवला.

दुसरी फाईल सराव परीक्षांची होती. काही शिक्षकांनी ती स्वतः तयार करून सगळ्यांसाठी टॉरेंटवर ठेवली होती. ती मात्र हलेना. दोन दिवसांत दहावा हिस्साही नाही. गंमत म्हणजे बातम्यांचे व्हिडिओ विहाराच्या त्याच इंटरनेट लाईनवर व्यवस्थित चालत होते. म्हणजे लाईन मंद नव्हती, कोणीतरी फक्त टॉरेंटच आवळलं होतं.

तिसऱ्या दिवशी पहाटे अभ्यासिकेत ताईनं सांगितलं, की तिचा परीक्षेचा फॉर्म तीन दिवसांपासून भरला जात नाही. संध्याकाळी वावरातून आल्यावर ती घरच्या वायफायवर बसायची. फोटो आणि दाखले चढता चढता पान बंद पडायचं.

"सर्व्हरवर गर्दी असन," मी अगदी जाणकारासारखा म्हणालो. "उद्या करजो."

"उद्या शेवटची तारीख हाय, दादा."

तिला धीर देऊन मी थेट आमच्या इंटरनेटवाल्याच्या ऑफिसात गेलो. बियाण्यांच्या दुकानाच्या वर त्याची खोली आहे. तो जिल्हा परिषदेच्या शाळेत माझ्याच बाकावर बसायचा, म्हणून बोलायला संकोच नव्हता.

"टॉरेंट काऊन आवळलं बे?" मी दारातूनच विचारलं.

"पिच्चर उतरवाले लाईन घेतली का विहारानं?"

"पिच्चर नाई. अभ्यासाचं हाय. फुकट वाटाची परवानगी असलेलं सॉफ्टवेअर हाय."

"ये, बस अठी. पाह्य." त्यानं पडदा माझ्याकडे वळवला. दोन रेषा होत्या. एक जमिनीला टेकलेली, दुसरी छताला भिडलेली. "हे खालची उतरवाची. वरची चढवाची. तू उतरवून नाई राह्यला, तू वाटून राह्यला! चार दिवसांपासून. बुद्धपौर्णिमेची खीर हाय का, दिसला त्याच्या हातावर ठेवाले?"

"मंग? लोकांनी मले देल्लं—"

"लोकांले दे ना! पण विहाराची अन् तुया गल्लीच्या तीस घरांची चढवाची वाट एकच हाय, अन् तेही बारीक. ते सारी तू एकट्यानं भरून ठेवली. म्हणून मी टॉरेंट आवळलं. तरी तुयं चढवणं पुरतं थांबलं नाई. गल्लीतून रोज फोन येऊन राह्यले, फोटो जात नाई, फोटो जात नाई."

फोटो जात नाही, हे गाऱ्हाणं मी पहाटेच ऐकलं होतं. सर्व्हरवर काही गर्दी नव्हती. ताईचा फॉर्म मीच अडवून ठेवला होता, तिच्याच परीक्षेची तयारी करता करता.

मी उठलो. तो मागून ओरडला, "अबे ग्रॅज्युएट, चहा तं घे!" मी गाडीला किक मारली होती. विहारात जाऊन आधी टॉरेंट बंद केलं. दुपारी ताई ज्या वावरात वेचत होती तिथं गेलो आणि तिला खरं काय ते सांगितलं. बाकीच्या बाया हसल्या. ती हसली नाही. कमरेची कापसाची ओटी सोडून ठेवली आणि म्हणाली, "चाल मंग, आत्ताच भरू." घरी पोचल्यावर फोटो, दाखला, सही, सगळं दहा मिनिटांत चढलं.

दुसऱ्या दिवशी मी परत इंटरनेटवाल्याकडे गेलो. चूक कबूल केली, पण मागणी सोडली नाही. टॉरेंट म्हणजे चोरी असं धरून सगळ्यांचंच आवळणं बरोबर नाही, हे मी त्याला सांगितलं आणि अजूनही माझं तेच मत आहे. त्यानं थोडा विचार केला. वेचणीच्या दिवसांत अकरा ते चार सगळी वस्ती वावरात असते, तेव्हा लाईन रिकामीच पडलेली असते. तेवढ्या वेळात विहारासाठी तो अडसर काढायला तयार झाला. मी त्याच्यासमोरच फोनवरून विहारातला संगणक जोडून अपलोडच्या रकान्यात आकडा टाकला. लहान, पण शून्य नाही.

"वाटणं सोडत नाई म्हंतं तू," तो म्हणाला.

"नाई सोडत."

फाईल तीन दुपारींत उतरली. पुढचा महिना ताई रोज पाऊण तास पहिल्या संगणकावर बसली. परीक्षा वर्ध्याला झाली. बसमधून उतरून ती घरी न जाता सरळ अभ्यासिकेत आली. पोरी भोवती जमल्या. निकाल अजून लागायचा आहे, पण त्या दिवशी तिला त्याची फिकीर दिसली नाही. गणित शेवटी घ्या, असं ती पोरींना सांगत होती. पेपर पूर्ण झाल्यावर वीस मिनिटं उरली होती, तेवढ्या वेळात तिनं तीन उत्तरं बदलली होती. कोणती तीन आणि का, ते ती फळ्यावर मांडायला लागली.