पाटावर राहिलेलं बूच

झेंडूचा वास आला की मला घोड धरणाचं पाणी आठवतं. त्या वर्षी मी ट्रेलरवरची जुनी शिडाची होडी विकत घेतली होती. खंडेनवमीला ती धुतली, आत साठलेलं पाणी जावं म्हणून तळातल्या मागच्या भोकाचं पितळी बूच काढलं, आणि वडिलांनी ते पाना-हातोडीशेजारी पाटावर मांडून त्याला हळदकुंकू वाहिलं. दसऱ्याला सकाळी धरणावर होडीला झेंडूची माळ घातली, नारळ फोडला, वडिलांना आत बसवलं आणि ट्रेलर पाण्यात ढकलला. होडी अलगद तरंगली. मी छातीभर पाण्यात दोर धरून उभा होतो. तेवढ्यात वडील म्हणाले, “आरं, पाय भिजाय लागलं की. ह्यात आसंच आसतं व्हय?” त्यांना पोहता येत नव्हतं आणि बूच शिरूरला, घरी पाटावर होतं. मी जीव खाऊन दोर ओढला, पण जड झालेली होडी हलेना. शेवटी वडिलांना पाठुंगळी घेऊन काठावर आलो. होडी बुडेपर्यंत आम्ही दोघं नुसते बघत राहिलो. माळ तेवढी तरंगत राहिली. होडी नंतर ओढून बाहेर काढली आणि तेव्हापासून बूच मी खिशातच ठेवू लागलो. अजूनही झेंडूचा वास आला की माझा हात बूच चाचपायला खिशात जातो. होडी विकून चार वर्षं झाली.