तुळशीपुढची उणे साइनची रेघ

अर्धं अंगण सारवून झालं आणि शकुंतलेचा हात शेणकाल्याच्या बादलीतच थबकला. पडवीत लेक रक्षा कॉलेजला निघायची तयारी करत होती. एकटीच. एरवी शेजारच्या येसूची तुळजा संगं असायची, नि दोघींची खिदळ आवरता आवरत नसे.

गणिताच्या पेपराच्या आदल्या सांजेला, तुळजा ज्यात हमखास चुकायची तो उणे साइनचा आलेख रक्षानं अंगणात रांगोळीनं काढून दाखवला होता. "साधा साइन मधनं वर चढतो. उणे लागलं की आधी खाली बुडतो. सकाळी एकदा बघून जा."

सकाळी एकादशी. तुळशीला पाणी घालताना शकुंतलेला दिसलं, वृंदावनापुढच्या रेघेचं तोंड खाली. देवापुढं उतरती रेघ काढू नये, अशी सासूची शिकवण. तिनं रेघ पुसून चढती काढली. रेघेखाली रक्षानं लिहिलेलं 'उणे साइन' हे नाव मात्र तसंच ठेवलं. अक्षर म्हणजे सरस्वती, ते कसं पुसायचं?

रक्षा न्हाणीत असताना तुळजा आली. कालचं आपणच उलटं ध्यानात धरलं असं वाटून, रेघ डोळ्यांत भरून गेली आणि पेपरात चुकली. मग बसथांब्यावर सगळ्यांदेखत रक्षावर तुटून पडली, "सोता बरोबर लिवलंस आन् मला उलटं दावलंस व्हय गं, लबाडे?"

रक्षा रडत घरी आली, तेव्हाच बोलायला हवं होतं. शकुंतला मात्र, देवासाठी केलं, असं मनाला समजावत राहिली. पण दिवा लावताना देवाच्या तोंडाकडं बघवेना.

आता मात्र ती उठली. "रक्षे, ती रेघ मी फिरवली."

रक्षाच्या हातातला कंगवा तसाच राहिला. "आये! देवाला उणं चालत न्हाई व्हय?"

"चेष्टा नको गं. मला वाटलं, देवापुढं उतरती काढलीस ते तुजंच चुकलं."

"आन् इतके दिस मुकी बसलीस? ती मला लबाड म्हणते, तू ऐकतेस!"

शकुंतलेची मान खाली गेली. "लाज वाटली, बाय. येसूकडं जाऊन सांगू काय?"

"घरात न्हाई. ती सगळ्यांदेखत बोलली. तू पण सगळ्यांदेखत सांग."

शकुंतलेनं हात धुतले, पदर सारखा केला. कॉलेजला नेणारी जोयड्याची बस यायच्या आत थांब्यावर तुळजाला गाठायचं होतं.