देवळाची पायरी न चढलेला बाबल्या

मंडळी, दुपारपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून लिहितोय.

तरुणांची दारू समुपदेशनाने सुटते का, यावरचं संशोधन माझी नात तपासते. आज जेवताना मी विचारलं, "त्यातलं खरं किती, हे कसं ओळखतेस?"

म्हणाली, "आजोबा, आधी बघते, शेवटपर्यंत किती जण टिकले. मधेच गळलेल्यांना वगळलं, की यश उगाच मोठं दिसतं."

मला माझी मास्तरकी आठवली.

साठच्या दशकात मी मालवणजवळच्या एका गावात मास्तर होतो. दारूबंदी असूनही पोरं चोरून प्यायची. मी त्यांना समजवायचो आणि गावदेव रवळनाथासमोर नारळावर हात ठेवून शपथ घ्यायला लावायचो. पुढच्या दसऱ्याला देवळात एकेकाला विचारायचो. सगळे म्हणायचे, "सोडली, मास्तर." मी खूश.

शपथ मोडलेला माणूस देवळाची पायरी चढणारच नाही, एवढं साधं मला सुचलं नाही.

बाबल्या माझा शेजारी, किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढणारा, वीस-बावीस वर्षांचा. शपथ घेतलेला. शपथेनंतरच्या दसऱ्याला तो खाली रस्त्यावरच उभा होता. मी वरून हाक मारली.

"तुमी जावा, मास्तरानू. मी हयसूनच पाया पडतंय."

मी आत गेलो.

शिमग्याआधी तो पिऊन होडी घेऊन गेला. होडी किनाऱ्याला लागली, तो नाही.

चार पायऱ्या होत्या फक्त. मी उतरलो नाही. आज दुपारपासून तो पुन्हा तिथेच उभा दिसतोय.

तुमच्या गावात कोण रस्त्यावरूनच पाया पडतं?